‘स्टेट असम्प्शन’ला मराठीत काय म्हणावं?

बोरू: अमेरिकेतल्या पाणथळ जागांवरचा एक लेख मराठीत आणतोय. तिथल्या १९७२च्या क्लीन वॉटर अ‍ॅक्टच्या कलम ४०४ नुसार पाणथळीत भराव टाकायचा किंवा उपसलेला गाळ लोटायचा तर लष्कराच्या अभियंता दलाचा परवाना लागतो. १९७७च्या दुरुस्तीमुळे हे काम राज्यांनाही घेता येतं. त्याला ‘स्टेट असम्प्शन’ म्हणतात. मी ‘राज्यांना अधिकार सोपवणे’ लिहिलंय, संपादकबाईंना ‘हस्तांतरण’ हवंय.

टिटवी: कोशातलं ‘गृहीतक’ वापरलं नाहीत, आभार. पण ‘सोपवणे’ही नको. सोपवलेलं काम आपण सोपवणाऱ्याच्या नावाने करतो. इथे राज्य स्वतःच्या कायद्याखाली स्वतःचा परवाना देतं आणि अभियंता दल तेवढ्या पाण्यापुरतं परवाने देणं थांबवतं. पुढाकारही राज्याचा असतो: ते अर्ज करतं, केंद्राची पर्यावरण संस्था, म्हणजे ईपीए, तो मंजूर करते. मिशिगनने १९८४ साली घेतलं, न्यू जर्सीने १९९४ साली, फ्लोरिडाने डिसेंबर २०२० मध्ये. इतक्या वर्षांत एवढेच.

बोरू: वाचकाला काय फरक पडतो पण? परवाना तो परवाना.

टिटवी: फ्लोरिडाचं अख्खं भांडण याच फरकावर उभं राहिलं. अभियंता दलाचा परवाना ही केंद्राची कृती. त्यामुळे एखाद्या संकटग्रस्त प्राण्याला धक्का लागण्यासारखा असेल तर परवान्याआधी केंद्राच्या वन्यजीव खात्याशी सल्लामसलत करावीच लागते. राज्याच्या परवान्याला ही पायरी लागू नाही, कारण तो केंद्राचा नाहीच! फ्लोरिडात पँथरसारखे प्राणी आणि बांधकामाचा सपाटा, दोन्ही एकाच जमिनीवर. तिथे परवान्यागणिक सल्ल्याऐवजी सगळ्या कार्यक्रमाला मिळून एकच अभिप्राय घेऊन भागवलं होतं. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी वॉशिंग्टनच्या केंद्रीय जिल्हा न्यायालयात न्या. रँडॉल्फ मॉस यांनी ईपीएने फ्लोरिडाला दिलेली मंजुरी रद्द केली आणि परवाने पुन्हा अभियंता दलाकडे गेले. तुमच्या ‘सोपवणे’त हे कसं कळणार? सोपवलं असतं तर केंद्राची बंधनंही सोबत आली असती असंच वाचक धरून चालेल.

जर्सीकर: मग ‘हस्तांतरण’ही अर्धवटच. भरती-ओहोटीचं पाणी, मालवाहतुकीच्या नद्या आणि त्यांना लागून असलेल्या पाणथळी राज्याला मिळतच नाहीत, त्या अभियंता दलाकडेच राहतात. शिवाय ईपीए राज्याच्या परवान्यावर हरकत घेऊ शकते, सगळा कार्यक्रम परतही घेऊ शकते. हस्तांतरण म्हटलं की सातबाऱ्यावर नाव चढल्यासारखं वाटतं.

आणि लेखात ‘राज्याकडे गेलं म्हणजे ढिलं झालं’ असा सूर असेल तर तो सरसकट लावू नका. राज्याचा नियम केंद्राहून सैल असता कामा नये, कडक असला तर चालतो. आमच्याकडे न्यू जर्सीत १९८७च्या कायद्याने गोड्या पाण्याच्या पाणथळीभोवतीही पट्टा राखलाय, पहिल्या प्रतीच्या पाणथळीला १५० फूट, मध्यम प्रतीला ५०. घरामागे लाकडी ओटा बांधायचा म्हटलं की हा पट्टा आधी आठवतो. अभियंता दलाच्या परवान्यात असा ठरावीक पट्टा नाही.

आडवाट: भारताशी तुलना येणार असेल तर तिथे ‘सोपवणे’ चालेल. २०१०च्या पाणथळ नियमांत केंद्राचं प्राधिकरण होतं. २०१७च्या नियमांत केंद्रानेच ते काम राज्यांच्या प्राधिकरणांवर टाकलं. राज्यांनी मागितलं नव्हतं, त्यांच्या पदरात पडलं.

बोरू: लेखात कोलोरॅडोही आहे. तेही असम्प्शनच ना?

टिटवी: नाही, ते वेगळं ठेवा. आयडाहोतल्या प्रीस्ट लेकजवळ एका दांपत्याने घरासाठी भराव टाकला, त्यातून सॅकेट खटला उभा राहिला. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ज्या पाणथळीचं पाणी मोठ्या पाण्याशी पृष्ठभागावर सलग जोडलेलं आहे तीच केंद्राच्या कक्षेत. बाकीच्या पाणथळींवरचं केंद्राचं छत्र गेलं. अशा उघड्या पडलेल्या पाण्यासाठी कोलोरॅडोने २०२४ साली स्वतःचा परवाना-कायदा केला. मिशिगनने केंद्राचं चालू काम उचललं, कोलोरॅडोने केंद्राने सोडलेलं.

बोरू: शब्द सांगा आता. उद्या मजकूर द्यायचाय.

टिटवी: क्रियापद ‘पत्करणे’. ‘फ्लोरिडाने परवान्यांची जबाबदारी पत्करली.’ आपण होऊन घेणं त्यात आलं, आणि निभावली नाही तर जाब द्यावा लागतो हेही.

जर्सीकर: नाम हवं तर ‘पत्कर’ आहेच. ‘पत्कर घेणे’ जुन्या कागदांत सापडतं.

आडवाट: आजच्या वाचकाला तो बखरीतून आल्यासारखा वाटेल. मथळ्यात ‘राज्यांनी हाती घेतलेले परवाने’ लिहा आणि आत ‘पत्करणे’ वापरा.

बोरू: मथळा पटला. ‘पत्कर’ एका ठिकाणी ठेवून बघतो, संपादकबाईंनी काढला तर काढला.