मदत हवी आहे: कांजीच्या वह्या तपासताना नेमकी कशाला चूक म्हणायची?

नमस्कार मंडळी,

पुण्यात शनिवार-रविवारी नोकरदारांना जपानी शिकवते. एन-५ ची (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या सर्वात सोप्या पातळीची) बॅच आहे. हिरागाना-काताकाना (उच्चार दाखवणाऱ्या दोन लिप्या) झालं, आता कांजी (चिनी लिपीतून आलेली अक्षरं) सुरू आहे आणि वह्या तपासताना मी अडते आहे. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

जेएलपीटीत हाताने लिहायचं काहीच नसतं, उत्तरपत्रिकेवर पर्यायांचे गोल काळे करायचे असतात. ऑफिसातही सगळं टाइपच होतं. त्यामुळे 'लिहायचं कशाला?' हे वर्गात हमखास विचारलं जातं. माझं मत पक्कं आहे की सुरुवातीच्या शंभरेक कांजी तरी हाताखालून गेल्याच पाहिजेत. पुढे 'मात्सु' (वाट पाहणे) आणि 'मोत्सु' (हातात धरणे) समोर येतात. दोन्हींची उजवी बाजू तीच, फरक फक्त डावीकडे. नुसतं बघून शिकलेले तिथे हटकून गोंधळतात.

प्रश्न आहे तो काटेकोरपणाचा. 'त्सुची' म्हणजे माती. तिची खालची आडवी रेघ लांब हवी. वरची लांब झाली की सामुराईचं अक्षर होतं. इथे सूट नाही, हे उघड आहे. पण 'कि'च्या (झाड) उभ्या रेघेला खाली हुकासारखा बाक आला तर? जपानच्या सांस्कृतिक व्यवहार संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेनुसार दोन्ही रूपं चालतात. 'कुची'चा (तोंड) चौकोन तीन रेघांचा, पण आपली मंडळी तो एका दमात किंवा चार रेघांत काढतात आणि कागदावर दिसतो सारखाच. 'मिगी'त (उजवा) तिरकी रेघ आधी, 'हिदारी'त (डावा) आडवी आधी. एवढं एन-५ लाच घोटून घ्यावं का? गुण कापावेत का?

प्रतिसाद:

ताई, रेघांचा क्रम वहीत दिसतच नाही, त्यामुळे तो वहीवरून तपासू नका. दोघा-तिघांना फळ्यावर बोलवा, बाकीच्यांना हवेत बोटाने लिहायला सांगा आणि सगळ्यांनी मोठ्याने 'इचि, नि, सान' म्हणत रेघा मोजायच्या. 'कुची'ची चौथी रेघ लगेच पकडली जाते. रेघांची संख्या मात्र सोडू नका, छापील कांजी कोशात अक्षर शोधताना तीच लागते.

क्रमासाठी गुण कापू नयेत असं मला वाटतं. जपानच्या शिक्षण मंत्रालयाने १९५८ मध्ये क्रमाची जी पुस्तिका काढली, तिच्यातच म्हटलंय की इथे न दिलेला क्रम चूक ठरत नाही. तरीही शिकवायचा, कारण जपानी माणूस घाईत लिहितो तेव्हा रेघा क्रमानेच एकमेकींत मिसळतात. क्रम अंगवळणी नसेल तर सहकाऱ्याने लिहिलेली चिठ्ठी वाचता येत नाही.

खरी सक्ती काताकानात करा. 'शि'ची लांब रेघ खालून वर जाते, 'त्सु'ची वरून खाली येते. 'न' आणि 'सो'चंही तसंच. इथे दिशा चुकली की अक्षरच बदलतं.

आणि मुलं कशावरून उतरवतात ते एकदा बघा. मोबाइलच्या फॉन्टमध्ये हिरागानातली 'कि' आणि 'सा' ही अक्षरं खाली जोडलेली दिसतात, हाताने लिहिताना ती सुटी असतात. पाठ्यपुस्तकी वळणाचा क्योकाशोताई फॉन्ट वापरून सरावाची पानं छापा. विंडोज १० वर जपानी पूरक फॉन्ट उतरवले की 'यूडी डिजिटल क्योकाशो' मिळतो.

धागाकर्ती:

मनापासून आभार! फॉन्टचा मुद्दा फार मोलाचा आहे, कारण 'सा' जोडून लिहिणारे बरेच जण आहेत. फळ्याचा प्रयोग येत्या शनिवारीच करते. अजून एक विचारायचं होतं. बॅचमध्ये एक डावखुरा विद्यार्थी आहे. आडवी रेघ डावीकडून उजवीकडे ओढताना त्याला पेन ढकलावं लागतं आणि हाराई, म्हणजे शेवटी निमुळती होत जाणारी रेघ, त्याला साधत नाही. त्याला क्रम तोच ठेवून फक्त वही तिरकी धरायला सांगू, की दिशेतही मोकळीक देऊ? डावखुऱ्यांना शिकवलेलं कुणी आहे का इथे?