टेक्ससमधल्या शिस्तीच्या शाळा
'व्हेप म्हणजे ई-सिगारेट सापडली की मुलाला शिस्तीच्या वेगळ्या शाळेत धाडावंच, त्याशिवाय जरब बसत नाही,' हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. टेक्ससमध्ये २०२३च्या कायद्याने हीच सक्ती केली होती. आमच्या शेजारचा नववीतला मुलगा तसाच गेला. रोज दारात झडती, मग दिवसभर संगणकासमोर. भूमिती शिकवायला कुणी नाही. परत आल्यावर मागे पडला तो पडलाच. शाळेचा बँडही सुटला. व्हेप का ओढतोस, हे मात्र कुणी विचारलं नाही. २०२५मध्ये पहिल्या चुकीपुरती ही सक्ती काढली, फार बरं झालं. आणि पालकांनो, असं पाठवण्याआधी शाळेला तुमच्यासोबत बैठक घ्यावी लागते. तिथे नक्की जा, मुलालाही बोलू द्या.