मदत हवी आहे: डॉक्टरांचं एक 'याद' आणि आमच्या आईंचे पाच-सहा शब्द

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला रामबागेत राहते. घरी माझ्या सासूबाई आहेत, वय ७९. आम्ही सगळेच त्यांना आई म्हणतो. त्यांचं माहेर ग्वाल्हेरचं, तिथल्या लष्कर भागातलं. लग्न होऊन इंदूरला आल्या त्याला आता ५६ वर्षं झाली. गेल्या दिवाळीपासून त्यांचं विसरणं वाढलं, म्हणून मागच्या महिन्यात मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. औषधपाण्याबद्दल मी इथे विचारत नाहीये, ते डॉक्टर बघताहेत. बी-१२ आणि थायरॉइडच्या तपासण्याही दिल्या आहेत. मला मदत हवी आहे ती शब्दांची, आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा जायचं असल्यामुळे जरा घाईने हवी आहे.

डॉक्टर चांगले आहेत, वेळ देतात. बोलणं सगळं हिंदीत. इंदूरच्या मराठी माणसाला हिंदीची कसली अडचण, असं मलाही वाटत होतं. आई भाजीवाल्याशी, बँकेत, शेजारणींशी आयुष्यभर हिंदीच बोलत आल्या आहेत. पण त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "माताजी, पुरानी बातें याद आती हैं?" आई एकदम गप्प झाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. बाबांना जाऊन दीड वर्षच झालं आहे. आईंना ऐकू आलं ते "जुन्या दिवसांची आठवण येते का?" आणि डॉक्टरांना विचारायचं होतं "जुन्या गोष्टी आठवतात का?" कागदावर नोंद झाली ती एवढीच, की रडू आलं, उत्तर नाही. आठवणं वेगळं आणि आठवण येणं वेगळं, हे मी तिथे स्टुलावर बसल्या बसल्या पहिल्यांदा नीट समजले. तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही, ते अजून मनाला लागून आहे.

डॉक्टरांनी महिनाभर वही ठेवायला सांगितली: काय विसरल्या, काय याद राहिलं. मी ती मराठीत ठेवली, आईंच्या तोंडचेच शब्द लिहिले. आता हिंदीत उतरवायला बसले तर सगळी पानं "याद नहीं, याद नहीं" अशीच होताहेत, आणि मला दिसतंय की ती एकसारखी नाहीत.

म्हणजे बघा. सकाळची गोळी घेतली का विचारलं, तर म्हणाल्या, "लक्षात नाही गं." समोरच्या घरातल्या सुनेचं नाव विचारलं, तर "अगदी तोंडावर आलंय, आठवत नाही", आणि अर्ध्या तासाने भाजी निवडता निवडता स्वतःहून नाव सांगितलं. टीव्हीचा नवा रिमोट हातात धरून म्हणाल्या, "हे काय करायचं ते लक्षातच येत नाही." याचं मी आधी "याद नहीं आता" करून टाकलं होतं. पण लक्षात राहणं आणि लक्षात येणं एक नाही ना? लक्षात येणं म्हणजे उमगणं. किसणी हवी होती तर "ते खोबऱ्याचं दे, शब्द सुचत नाहीये मेला." आणि एक पान असं आहे की तिथे काय लिहावं ते मलाच कळलं नाही: आमटीत दोनदा मीठ पडलं, मी हळूच सांगितलं, तर आई म्हणाल्या, "मी कुठे घातलं? तूच घातलं असशील." त्या भांडत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

दुसरीकडे, संकष्टीला मोदकांच्या कळ्या पाडायला बसल्या तर एकही कळी तुटत नाही, बोलता बोलता एकवीस होतात. लहानपणी वडिलांनी करून घेतलेली पावकी, निमकी, पाऊणकी (पाव, अर्धा, पाऊणचे पाढे) अजून तोंडपाठ. संध्याकाळी दिवा लावल्यावर गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले स्थितप्रज्ञाचे श्लोक म्हणतात, ५४ पासून ७२ पर्यंत, पुस्तक न उघडता. हे वहीत लिहायचं की नाही? लिहायचं तर कोणत्या शब्दात?

आणि आता ज्या गोष्टीने मला रात्री झोप लागत नाही ती. एका नातेवाइकांनी फोनवर, स्पीकर चालू असताना, "स्मृतिभ्रंश असेल" असं म्हटलं. आईंनी ऐकलं. त्या श्लोकांतच पुढे आहे, "स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशो", आणि त्यानंतर काय आहे (बुद्धी गेली की माणूसच नष्ट होतो) ते त्यांना माझ्याहून चांगलं माहीत आहे. त्या दिवसापासून त्या ६३ व्या श्लोकाशी थांबतात. पुढचं येत नाही असं नाही, म्हणवत नाही. मग हात जोडून उठून जातात. घरात या सगळ्याला काय म्हणावं, की आईंना घाबरायला होणार नाही आणि खोटंही होणार नाही?

माझ्या स्वतःच्या मराठीचंही विचारायचं आहे. मी जन्माने इंदूरची. "आई, याद राखा, जेवण झाल्यावर गोळी आहे" असं मी रोज म्हणते. पुण्याच्या नणंदबाईंनी फोनवर ते ऐकलं आणि म्हणाल्या, "अगं, आईला दम काय देतेस?" मला फार वाईट वाटलं. आमच्याकडे "याद राखा" म्हणजे विसरू नका, एवढंच. "ध्यान ठेवा" म्हणजे काळजी घ्या. पण म्हाताऱ्या माणसाला त्याचा त्रास होत असेल तर मी बोलणं बदलेन.

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, तो विचारतो, "आजीची मेमरी फुल झाली का?" त्यालाही नीट उत्तर द्यायचं आहे. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद, ग्वाल्हेरहून

ताई, मी इथे शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवत होतो, आता निवृत्त आहे. तुमची वही फार मोलाची आहे. हिंदीतही फरक असतो, फक्त तो 'याद'मध्ये नसून पुढच्या क्रियापदात असतो. याद रहना, याद आना, याद करना, याद दिलाना. आपल्याकडे त्यांना चार वेगळे शब्द पडतात: लक्षात राहणं, आठवणं, पाठ करणं आणि आठवण करून देणं. पुन्हा हिंदीतलं 'याद करना' म्हणजे पाठ करणंही आणि कुणाची आठवण काढणंही. घाईच्या बोलण्यात शेवटचं क्रियापद कानाआड होतं आणि नुसतं 'याद' उरतं.

असं लिहा. "लक्षात नाही" याला "याद नहीं रहा". "आठवत नाही" याला "याद नहीं आ रहा", आणि नंतर आठवलं तर किती वेळाने तेही. "लक्षात येत नाही" इथे 'याद' मुळीच नको, "समझ में नहीं आता" लिहा. "सुचत नाही" याला हिंदीत सख्खा शब्द आहे: "शब्द नहीं सूझता". पाढे आणि श्लोकांसाठी "कंठस्थ हैं". आणि आठवण येते तिथे "उनकी याद आती है, मन भर आता है" असं पूर्ण वाक्य लिहा, म्हणजे घोटाळा होणार नाही.

व्याकरणातली एक गोष्ट तुमच्या मिठाच्या पानाला लागू पडते. मराठीत "मला आठवत नाही" म्हणताना आपण कर्ते नसतो, गोष्ट आपल्याकडे येते किंवा येत नाही. "मी विसरले" म्हणताना मात्र कर्ता मीच. आणि विसरलो हे ज्याला कळलं आहे तोच "मी विसरले" म्हणू शकतो. आई कुठे "विसरले" म्हणतात आणि कुठे "मी केलंच नाही" म्हणतात, त्या जागा वहीत वेगळ्या खुणेने दाखवा.

श्लोकाचं. आईंना माझा नमस्कार सांगा आणि हे वाचून दाखवा. तिथला क्रम मागून धरायचा असतो: विषयांचं चिंतन, मग आसक्ती, मग काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह आणि संमोहातून स्मृतीचा विभ्रम. शंकराचार्यांनी भाष्यात तिथल्या स्मृतीचा अर्थ शास्त्राने आणि आचार्यांनी जे शिकवलं त्याचं स्मरण असा केला आहे. रागाने आंधळा झालेला माणूस आपल्याला काय शिकवलं होतं ते विसरतो, तो हा भ्रंश. वयाने गोळी घ्यायची राहून जाते, त्याच्याशी या श्लोकाचा काही संबंध नाही. स्मृती शब्दाला संस्कृतात पुष्कळ अर्थ आहेत. ऐकलेली ती श्रुती आणि स्मरणातून आलेली ती स्मृती, म्हणून मनुस्मृती, याज्ञवल्क्यस्मृती. आजाराला आपण तोच शब्द लावला ही अलीकडची गोष्ट. आणि अठराव्या अध्यायात, ७३ व्या श्लोकात अर्जुनच म्हणतो, "स्मृतिर्लब्धा". तो श्लोक आईंना पाठ असेलच.

घरात "विसर पडतो" म्हणा. खरं आहे आणि मऊ आहे.

प्रतिसाद, बडोद्याहून

मी इथे महाराज सयाजीराव विद्यापीठात मानसशास्त्र शिकले, आणि नंतर सासऱ्यांची सहा वर्षं अशीच वही ठेवली. शब्दांचं सरांनी सांगितलंच आहे. मी एवढंच सांगेन की शब्दापेक्षा प्रसंग लिहा: वार, वेळ, काय झालं, आणि सूचक काही दिल्यावर आठवलं का. सुनेच्या नावाचं पहिलं अक्षर सांगितल्यावर नाव आलं, की अक्षर सांगूनही आलं नाही? आमच्या डॉक्टरांना सगळ्यांत जास्त उपयोग याचाच झाला. आईंना ऐकू नीट येतं ना, तेही तपासून घ्या. जे धड ऐकलंच नाही ते लक्षात राहणार कसं?

मोदकांचं नक्की लिहा. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या २७ वर्षांच्या तरुणाची अपस्माराच्या झटक्यांसाठी शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, नव्या आठवणी साठवायला लागणारा हिप्पोकॅम्पस ज्यात येतो, तो भाग काढला गेला. त्यानंतर नवं काही त्याच्या लक्षात राहीना. मात्र मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली तेव्हा दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, आणि आपण हे आधी कधी केलं होतं हे त्याला रोज नव्याने माहीत नसायचं. म्हणजे हाताची शिकवण वेगळीकडे साठते. आपल्या आयांनी त्याला शब्दही वेगळाच ठेवला आहे: अंगवळणी पडणं. पुढे १९७२ मध्ये मानसशास्त्रज्ञ एंडेल टुलविंग यांनी स्वतःवर गुदरलेल्या प्रसंगांची आठवण आणि नुसत्या माहितीची आठवण अशा दोन वेगळ्या केल्या. सकाळी गोळी घेतली का ही पहिली, निमकीचा पाढा ही दुसरीच्या जवळची.

मुलाला सांगा की फोनची मेमरी भरली की जागा उरत नाही, आजीचं तसं नाही. आजीच्या वहीची जुनी पानं भरलेली आहेत आणि वाचता येतात, नवीन पानावर शाई नीट उमटत नाहीये. म्हणून तिला तेच पुन्हा सांगायला कंटाळायचं नाही.

"याद राखा" मात्र सोडा. इथे बडोद्यातही आम्ही गुजरातीच्या सवयीने म्हणतो, पण मराठी कानाला तो दमच लागतो. "आठवणीने घ्या हं" म्हणा. त्यात माया आहे.

धागाकर्ती

तुम्हा दोघांचे पाय धरावेसे वाटतात.

वही पुन्हा लिहायला घेतली. "विसरले" म्हणाल्या तिथे लाल ठिपका केला, "मी केलंच नाही" तिथे निळा. मार्चमध्ये लालच जास्त होते. आता निळे वाढलेत. आधी हे मला दिसलंच नव्हतं, आता डॉक्टरांना ते पहिल्यांदा दाखवेन. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, हे काल हळू बोलून पाहिलं तेव्हा कळलं. पुढच्या वेळी प्रश्न मराठीतून मी विचारला तर चालेल का, हे विचारायला फोन केला होता, ते हो म्हणाले.

श्लोकाचं उत्तर दुपारी आईंना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हणजे रागाचं आहे ते. मला कुठे राग येतो आता." संध्याकाळी ६३ व्या श्लोकाशी थांबल्या, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे म्हणून गेल्या.

एकच राहिलं. मोदकांच्या पानावर मी "हात बसला आहे" असं लिहिलं आहे. त्याला हिंदीत काय लिहू? "याद है" लिहायला हात धजत नाही.

प्रतिसाद, ग्वाल्हेरहून

"हाथ सधा हुआ है" लिहा.