सेक्स्टंट: षष्ठांश की षष्ट्यंश?

धरमपेठकर: जहाजावरच्या उपकरणांवरचा मजकूर मराठीत आणतोय. 'सेक्स्टंट'ला, म्हणजे जहाजावरून सूर्य-ताऱ्यांचे कोन मोजायच्या उपकरणाला, 'षष्ठांश यंत्र' लिहिलं, तर मुद्रितशोधकांनी 'षष्ट्यंश' केलं. कोणतं ठेवू?

महालवाला: षष्ठांशच. षष्ठ म्हणजे सहावा, षष्टी म्हणजे साठ, षष्ट्यब्दी आठवा. लॅटिन 'सेक्स्टान्स' म्हणजेही सहावा हिस्सा. वर्तुळाचा सहावा हिस्सा साठ अंशांचा भरतो, म्हणून घोळ होतो. षष्ट्यंश म्हणजे साठावा भाग, जेमतेम ६ अंश!

बर्डीवाली: पण षष्ठांश यंत्र जयपूरच्या जंतरमंतरात आधीच आहे. अंधाऱ्या खोलीतला ६० अंशांचा कंस, वरच्या छिद्रातून माध्यान्हीचा सूर्य त्यावर उतरतो. त्यात आरसा नाही. जहाजावरच्यात दोन आरसे असतात. आरसा धरणारी भुजा १ अंश सरकली की कोन २ अंशांनी बदलतो. म्हणून साठाच्या कंसावर १२० पर्यंत आकडे. हॅडलीचा १७३१ चा ऑक्टंट (वर्तुळाच्या आठव्या भागाचं तसंच यंत्र) ९० पर्यंतच मोजायचा, चंद्र-ताऱ्यातलं अंतर मोजायला तो तोकडा पडे. म्हणून १७५७ च्या सुमारास कॅप्टन कॅम्पबेलसाठी जॉन बर्डने सेक्स्टंट घडवला. काम वेगळं, नावही वेगळं हवं. सेक्स्टंटच लिहा.

महालवाला: मग थिओडोलाइट (जमीनमोजणीचं कोनमापक), क्रोनोमीटर (जहाजावरचं अचूक घड्याळ) सगळंच तसंच ठेवायचं? मराठीने करायचं काय?

गोकुळपेठ: मला 'डिव्हायडिंग इंजिन'चं 'विभाजन यंत्र' खटकतं. विभाजन राज्यांचं होतं. हे यंत्र सेक्स्टंटच्या कंसावर अंशांच्या रेघा आखतं. 'आखणी यंत्र' म्हणा. उपकरणकार रॅम्सडेनच्या १७७४ च्या यंत्रात ४५ इंची चाकाला २१६० दाते होते, स्क्रूचा एक फेरा म्हणजे नेमक्या १० कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). त्याआधी कंपास धरून हाताने भाग पाडायचे. चूक झाकायला कंसच मोठा ठेवावा लागे. चांद्र अंतरात, म्हणजे रेखांश काढायला मोजलेल्या चंद्र-ताऱ्यातल्या कोनात, १ कला चुकली तर रेखांश अर्ध्या अंशाने हुकतो, विषुववृत्तावर ३० सागरी मैल. झिरो माईलच्या गावात, आपल्या नागपुरात, थिओडोलाइट नवा नाही. त्याच्या चकतीवरही अशाच रेघा. दोन्हींना एकच शब्द चालेल.

महालवाला: आखणी कागदावर. धातूवर कोरतात.

गोकुळपेठ: सुतार लाकडावर आखतो, लोहार पत्र्यावर. कोरण्यात खोली येते. इथे रेघ केसासारखी बारीक हवी. जाड झाली तर व्हर्नियरची (बारीक वाचनाच्या सरकत्या पट्टीची) कुठली रेघ जुळली तेच ठरत नाही.

बर्डीवाली: 'इंडेक्स एरर'ला, म्हणजे कोन शून्य असतानाही दिसणाऱ्या वाचनाला, 'शून्यदोष' नको. दोष म्हणजे आरसा काटकोनात नसणं. तो स्क्रूने काढतात. इथे क्षितिजाच्या दोन्ही प्रतिमा (थेट आणि आरशातली) एका रेषेत आणून वाचायचं. वाचन शून्याच्या पुढे आलं तर वजा, मागे आलं तर मिळवायचं. हा 'शून्यफरक'.

महालवाला: शाळेत 'शून्य त्रुटी' शिकवतात, ते पुसणार का?

धरमपेठकर: षष्ठांशचं काय करू?