तीन आठवड्यांची परदेशी सेवा आपल्या मंडळींनी थांबवावी का?

शहापूरची लेक

गेल्या रविवारी उपासना संपल्यावर बेळगावातल्या आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कमिटीची बैठक झाली. यंदा नाताळनंतर अकरा तरुण मुला-मुलींना तीन आठवड्यांच्या सेवेसाठी टांझानियाला पाठवायचं ठरतंय, तिकिटांची वर्गणीही सुरू झालीय. मी उभी राहून विरोध केला. एक काकू म्हणाल्या, "तू स्वतः जाऊन आलीस आणि आता आमच्या पोरांना अडवतेस?" तिथं दोन मिनिटांत सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहिते.

माझं म्हणणं असं: दोन वर्षांपेक्षा कमी मुदतीसाठी कुणालाच पाठवू नये. आणि जो जाईल त्यानं पहिले सहा महिने फक्त भाषा शिकावी.

मी टांझानियातल्या म्वांझा शहराबाहेरच्या एका माध्यमिक शाळेत दोन वर्षं स्वयंसेवक होते. व्हिक्टोरिया सरोवराचा काठ, सगळीकडं हत्तीएवढे खडक आणि त्या खडकांच्या सांदीत घरं. मिशनरी म्हणजे दिवसभर हातात पवित्र शास्त्र, असं इथं बऱ्याच जणांना वाटतं. माझा दिवस पहाटे पाचला पाणी भरण्यानं सुरू व्हायचा. मग कोळशाची शेगडी पेटवायची आणि मक्याच्या पिठाची उजी करायची, आपल्या आंबिलासारखी असते. साडेसहाला डालाडाला पकडायची, म्हणजे तिकडची वडाप, शेअरची गाडी. दुपारपर्यंत इंग्रजी आणि गणित, संध्याकाळी कपडे, वह्या तपासणं, वीज असली तर घरी फोन.

तिकडं प्राथमिक शाळा स्वाहिलीत असते आणि माध्यमिक एकदम इंग्रजीत. आपल्याकडं आठवी-नववीत असतात त्या वयाची पोरं एका सुट्टीनंतर विज्ञान, भूगोल, सगळंच इंग्रजीत ऐकायला लागतात आणि गप्प होतात. मला वाटलं, ही मुलं मंद आहेत. मी स्वतः मराठी शाळेतून इंग्रजी कॉलेजात गेलेली, पहिलं वर्षभर मागच्या बाकावर गप्प बसलेली, तरी मला ते ओळखता आलं नाही. स्वाहिली यायला लागल्यावर कळलं की वर्गात सर्वात गप्प असणारी मुलगी घरी बाजाराचा सगळा हिशोब तोंडी करते.

अजून एक सांगते. तिकडं तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आजारी बाईंना दवाखान्यात न्यायला मी सोबत जायचं ठरलं, वेळ "सा नाने". नाने म्हणजे आठ, म्हणून मी सकाळी आठला गेले. दाराला कुलूप. मी रागावून परत आले. त्यांचे आठ म्हणजे आपले दुपारचे दोन. त्या दुपारी ओट्यावर माझी वाट बघत बसल्या होत्या, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

आणि वह्या. पहिल्या तीन महिन्यांत मी इथून आलेल्या पैशांतून शहरातून वह्यांचे गठ्ठे आणून फुकट वाटले, फोटो मंडळीला पाठवले. शाळेच्या कोपऱ्यावर एका बाईंचं छोटं दुका होतं. (दुका म्हणजे दुकानच, आपलाच शब्द.) येता-जाता मी त्यांना "शिकामो" म्हणायचे. मोठ्यांना करायचा हा नमस्कार, मूळ अर्थ "तुमचे पाय धरते". त्या "मराहाबा" म्हणायच्या आणि पुढं काहीतरी सांगायच्या, मी हसून मान हलवायचे. आठव्या महिन्यात ते वाक्य मला समजलं. त्या विचारत होत्या, "माझ्या वह्या आता कोण घेणार?"

तीन आठवड्यांत परतले असते तर ते हसरे फोटो घेऊनच परतले असते. म्हणून विरोध आहे.

कॅम्पातला

अक्का, तुमचं सगळं वाचलं, डोळ्यांत पाणी आलं. पण निष्कर्ष पटला नाही.

दोन वर्षं कोण जाऊ शकतं? ज्याच्या घरी दुसरं कमावणारं कुणीतरी आहे तो. मी उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहे. वडील नाहीत, बहिणीचं लग्न व्हायचंय. मला मालक तीन आठवडे सुट्टी देतो, तेही दोन वर्षांची साठवून. तुमचा नियम लावला तर परदेशी सेवा फक्त खात्या-पित्या घरच्यांसाठी उरेल.

मी चार वर्षांपूर्वी नेपाळला अठरा दिवस गेलो होतो. एका शाळेच्या पाण्याच्या टाकीचं वेल्डिंग केलं. भाषा येत नव्हती, तुटक्या हिंदीत भागलं. टाकी अजून गळत नाही, तिथले मास्तर फोन करून सांगतात. हाताला कसब असेल तर तीन आठवडेही पुरतात. आपली पोरं काय करणार आहेत ते आधी विचारा. मुदत मोजून काय होणार?

खानापूर तालुका

दोघांनाही विचारतो, टांझानियाच का? भीमगडच्या जंगलातल्या आमगाव, गवाळीला पावसाळ्यात रस्ता राहत नाही. आजारी माणसाला खांद्यावरून आणावं लागतं. हे बेळगावपासून किती लांब आहे? अकरा विमान तिकिटांच्या पैशांत तिथं एक नर्स वर्षभर ठेवता येईल. मी स्वतः ख्रिस्ती आहे, सेवेला माझा विरोध नाही. पण पासपोर्टावर शिक्का बसला की सेवा मोठी होते, हे माझ्या मनाला पटत नाही.

शहापूरची लेक

@खानापूर तालुका, नर्स ठेवायला मी आज वर्गणी देते, हिशोबाचं तुम्ही बघा. पण "आधी घरचं" हे सगळ्यांनी पाळलं असतं तर मिरजेला डॉक्टर विल्यम वॉनलेस आले नसते. कॅनडात जन्मलेला माणूस, १८८९ मध्ये भारतात आला, १८९४ मध्ये मिरजेचं हॉस्पिटल सुरू झालं. अथणी-चिक्कोडीची माणसं आजही मोठ्या दुखण्याला मिरज गाठतात. त्यांच्या देशातही तेव्हा आजारी माणसं होतीच की. पण ते जवळपास चाळीस वर्षं राहिले, हेच माझं म्हणणं.

@कॅम्पातला, दादा, तुमच्या टाकीपुढं मला उत्तर नाही. सुतार, वेल्डर, डोळ्यांचे डॉक्टर यांना माझा नियम लागू नसावा, हे मान्य. पण आमच्या अकरा जणांच्या कार्यक्रमात लिहिलंय: मुलांना गाणी शिकवणे, खाऊवाटप, शाळेची भिंत रंगवणे. म्वांझात रंगारी नाहीत का? माझ्या शेजारचा मुलगा रंगकामच करायचा आणि महिन्यातले निम्मे दिवस रिकामा असायचा.

येळ्ळूरकर

मी हिंदू आहे, तरी बोलतो, कारण प्रश्न आमच्याही गावाचा आहे. तुम्ही मुदतीवर वाद घालताय. माझा आक्षेप मूळ गोष्टीला आहे. शाळा, औषध, वह्या देणारा हात आणि देव सांगणारं तोंड एकाच माणसाचं असलं की गरीब माणूस "नको" कसं म्हणणार? याच भीतीतून डिसेंबर २०२१ मध्ये इथल्या सुवर्णसौधात, कर्नाटक विधिमंडळाच्या बेळगावातल्या इमारतीत, धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेत मंजूर झालं. पुढच्या सरकारनं तो कायदा रद्द करायचं जून २०२३ मध्ये ठरवलं, ते राजकारण बाजूला ठेवा. लोकांची भीती खरी आहे. इथं परदेशी माणूस आला तर आपण त्याचा व्हिसा तपासतो. मग आपली पोरं दुसऱ्याच्या देशात तेच करणार असतील तर त्यांनाही कुणीतरी विचारायला हवं.

शहापूरची लेक

दादा, प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. मी राहण्याचा परवाना काढूनच गेले होते. मी तिथं कुणालाही बाप्तिस्म्याकडं नेलं नाही, कारण आमच्या वस्तीत बहुतेक घरं आधीच ख्रिस्ती होती, उरलेली मुसलमान. रविवारी मी मागच्या बाकावर बसायचे. उपासना तीन-तीन तास चालायची, चार-चार गायन मंडळं गायची. ज्यांच्याकडं रोख नसेल ते दानात अंडी, केळी, कोंबडी आणायचे आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव व्हायचा, आपल्या सुगीच्या उपासनेला होतो तसाच. विश्वास मी त्यांच्याकडून शिकले.

पण देणाऱ्या हाताचं तुम्ही म्हणता ते वह्यांच्या बाबतीत मी अनुभवलंय. त्या बाईंना मला "नको" म्हणता येत नव्हतं. त्या म्हणत होत्या आणि मला ऐकू येत नव्हतं. भाषेचा आग्रह त्यासाठीच धरतेय.

निपाणीकर

भाषेचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो, राग मानू नका. टांझानियासाठी सहा महिने स्वाहिली शिकायची तयारी. आणि इथं गल्लीतल्या कानडी शेजाऱ्यांशी आपल्यातले किती जण दोन वाक्यं धड बोलतात? मंडळीतसुद्धा मराठी उपासना वेगळी, कन्नड वेगळी. मधे अर्धा तास अंगणात उभं राहून दोन्हीकडची माणसं आपापली चहा पितात.

खानापूर तालुका

@निपाणीकर, हे असं एका तागडीत घालू नका. १ जून १९८६ ला कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात बेळगावजवळच्या हिंडलग्यात पोलिसांच्या गोळ्या झेललेली माणसं कन्नड भाषेच्या विरोधात नव्हती, सक्तीच्या विरोधात होती. सातबारा, बसची पाटी, पोराचा दाखला आपल्या भाषेत मागणं वेगळं आणि शेजारणीची भाषा शिकणं वेगळं. माझी आई शाळेत गेली नाही, पण बैलहोंगलच्या बाजारात अस्खलित कन्नड बोलायची. तिला कुणी सक्ती केली नव्हती.

शहापूरची लेक

तुमच्या आईंचं वाचून बरं वाटलं. इथली भाषा अशी मनापासून शिकलेले मिशनरीही होऊन गेलेत. फर्डिनांड किट्टेल जर्मनीचा, बासेल मिशनचा. त्याचा कन्नड-इंग्रजी कोश १८९४ मध्ये निघाला, साधारण सत्तर हजार शब्दांचा, आणि धारवाडचे लोक आजही त्याचं नाव आदरानं घेतात. विल्यम कॅरीनं तर बंगालात श्रीरामपूरला बसून, वैजनाथ पंडितांच्या मदतीनं, १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये कोश छापला. ही माणसं धर्मप्रचारासाठी आली होती, येळ्ळूरकर दादांचा आक्षेप त्यांनाही लागू होईल. पण ऐकायला शिकण्यात त्यांनी आयुष्यं घातली.

निपाणीकर, अंगणातल्या चहाचं तुम्ही बरोबर बोललात. ते मला लागलं.

वडगावची आई

मी इतका वेळ नुसती वाचत होते. माझी मुलगी त्या अकरा जणांत आहे. बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. तुमचं वाचून तिला दाखवलं, ती म्हणाली, मी जाणारच. तुमच्याशी वाद घालण्याइतकं मला येत नाही. एवढंच विचारते, मलेरियाचं काय करायचं? आणि ती तिकडं काय खाईल? घरात तिला साधी नाचणीची भाकरी चालत नाही.

शहापूरची लेक

काकू, मच्छरदाणी औषध लावलेली घ्या आणि ती रोज वापरायची, एकही रात्र चुकवायची नाही. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या निघण्याआधी सुरू कराव्या लागतात आणि परत आल्यावरही काही दिवस चालू ठेवायच्या असतात, कुठल्या ते डॉक्टरांनाच विचारा. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं, थकवा असेल म्हणून झोपून राहायचं नाही. परतल्यानंतर इथं ताप आला तरी डॉक्टरांना आधी सांगायचं की आफ्रिकेतून आलेय. खाण्याला उगाली मिळेल, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, हातानं गोळा करून भाजीबरोबर खायची. चपाती आणि चहाही मिळतो, दोन्हीला तिकडं चपाती आणि चायच म्हणतात.

जाऊ नये हे माझं मत अजून तेच आहे, कमिटीत पुन्हा तेच बोलेन. पण ती नर्स आहे, तिच्या हातांना तिथं काम आहे. तिला म्हणावं, मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी सहाला माझ्याकडं ये. जायला अजून अकरा आठवडे आहेत. "कुठं दुखतंय", "कधीपासून", "मला कळलं नाही, पुन्हा सांगा", एवढं तरी स्वाहिलीत पाठ करून घेते.

कॅम्पातला

अक्का, उरलेल्या दहांनाही पाठवू का? पोरांना मी आणून सोडतो. माझं मत मात्र बदललेलं नाही.

शहापूरची लेक

पाठवा. वही ज्याची त्यानं आणायची.