समुद्रतळावरच्या खाणकामाला परवानगी द्यावी का?

वाळूजकर: द्यावी. बिडकीनला विजेच्या गाड्यांचे कारखाने येऊ घातलेत आणि बॅटरीचं निकेल-कोबाल्ट आपण बाहेरून आणतो. कोबाल्ट तर जगालाच मुख्यतः काँगो पुरवतो. मध्य हिंद महासागरात 2002 पासून भारताचा शोधकरार आहे, 75,000 चौरस किलोमीटरचा. पाच-साडेपाच किलोमीटर खोल, मुठीत मावतील असे या धातूंचे खडे चिखलावर नुसते पडलेत. ना सुरुंग, ना बोगदा. अंदाज 38 कोटी टनांचा. टनामागे मँगनीज साधारण 240 किलो, निकेल 12, तांबं 11, कोबाल्ट दीड.

गोदाकाठ: भाऊ, ते उचलायचे कसे हे तुम्ही गाळलंत. पट्ट्यांवर चालणारं यंत्र झोत मारून खड्यांसोबत वरचा काही सेंटिमीटर चिखलही ओढतं. बहुतेक जीव त्याच थरात, आणि स्पंज तर खड्यालाच चिकटलेले. गोदावरीची वाळू उपसली तर पुरात थोडीफार परत येते. हा खडा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. पेरूसमोरच्या समुद्रात 1989 मध्ये तळ नांगरून पाहिला होता. 26 वर्षांनी शास्त्रज्ञ परत गेले तेव्हाही नांगराचे तास स्पष्ट दिसत होते.

वाळूजकर: तास राहिले, मान्य. पण यंत्रानं उडणाऱ्या गाळाचा बाऊ फार होतो. 2021 मध्ये पॅसिफिकमधल्या चाचणीत उडालेल्या गाळापैकी 92 ते 98 टक्के तळापासून दोन मीटरच्या आतच राहिला.

गोदाकाठ: ती चाचणी थोड्या वेळाची. खाण वर्षानुवर्षं चालेल, आणि उरलेले दोन ते आठ टक्केही मग थोडेथोडके नसतात. शिवाय खडे वेगळे केल्यावर जहाजावरचं गढूळ पाणी परत सोडायचं ते किती खोलीवर? वर सोडलं तर मासळीच्या पट्ट्यात जातं, खाली न्यायचं तर आणखी पाइप. यंत्राचंही सांगतो: त्याच 2021 मध्ये पॅसिफिकमध्ये एक यंत्र केबल निसटून साडेचार किलोमीटर खाली अडकलं होतं. नंतर काढलं, पण खर्च विचारू नका.

तेरणा: दोघंही घाई करताय. आपलं 'वराह' हे तळावर चालणारं यंत्र 2021 मध्ये 5,270 मीटरवर उतरलं खरं, पण ती चालून बघायची चाचणी होती. खडे वर आणणं पुढची गोष्ट. जमैकातल्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाची उत्खनन नियमावली 2025 मध्येही अपुरीच होती. आणि लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत निकेल-कोबाल्ट लागतच नाही.

वाळूजकर: बरं, पण तांब्याचं काय? त्या गाडीचीही मोटार तांब्याशिवाय फिरत नाही.

गोदाकाठ: टनाला 11 किलोसाठी साडेपाच किलोमीटर खाली? विहिरीतल्या जळालेल्या पाणबुडी मोटारी टनभर गोळा करून भंगारवाल्याकडे टाका, तांबं कितीतरी पट निघेल.