मेंटेनन्स बिल्डरच्याच माणसांची कंपनी घेतीय, हिशोब मागितला की टोलवाटोलवी. काय करावं?

मंडळी, पाचगाव रोडला आमची एकच बिल्डिंग, 64 फ्लॅट, राहायला येऊन चार वर्षं झाली. पझेशनला दोन वर्षांचं मेंटेनन्स आगाऊ घेतलं, ते संपल्यावर आता महिन्याला 2,800 अधिक 18 टक्के जीएसटी. लिफ्ट आठवड्यातनं दोनदा बंद, टँकर आला तर आला. हिशोब विचारला की 'ऑफिसला या', ऑफिसला गेलं की 'साहेब सांगलीला गेल्यात'. सोसायटी काढलेलीच नाही. आता चार-पाच जण म्हणतात पैसेच बंद करू, करावं का?

रंकाळ्याचा वारा
बंद करू नका दादा! रेरात, म्हणजे घरखरेदीच्या कायद्यात, कलम 19(6) हाय, मेंटेनन्स भरणं घरवाल्यावर पण बंधनकारक. एकदा थकबाकीदार झालात की ते तेच नाचवणार, आमच्याकडं असंच झालं, मूळ भांडण बाजूलाच राहिलं. भरा, पण लेखी हरकत नोंदवून भरा आणि रोख अजिबात देऊ नका.

शेंडापार्ककर
मुळात त्या कंपनीशी तुमचा करार आहे का ते बघा. बहुतेक तो बिल्डरशी असतो, म्हणून ती तुम्हाला उत्तर द्यायला बांधील समजत नाही, तिचा मालक तुम्ही नाहीच. मालक व्हायचं तर सोसायटी काढायची, बाकी सगळं नंतर. महाराष्ट्राच्या रेरा नियमांत 51 टक्के बुकिंग झाल्यापासून तीन महिन्यांत बिल्डरनं सोसायटीचा अर्ज करायचा असतो, तुमच्यात म्हणजे 33 वा फ्लॅट बुक झाल्यापासून. त्यानं नाही केला तर तुम्ही सगळे मिळून सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडं असहकाराचं कारण देऊन जाऊ शकता. आणि आगाऊ घेतलेल्या पैशाचं वेगळं खातं ठेवायला 1963 चा मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा फ्लॅटविक्रीचा जुना कायदाच सांगतो (कलम 5), तर हिशोब बिल्डरकडं मागा, कंपनीकडं नको, आरपीएडीनं (पोचपावतीच्या रजिस्टर पोस्टानं) मागा, व्हॉट्सॲपवर नको.

जीएसटीचं तर बघाच. सोसायटी असती तर महिन्याला 7,500 पर्यंत माफ असता. आता तुम्ही घरटी 504 भरताय, 64 घरांचे वर्षाला पावणेचार लाखाच्या पुढं जातात, मीटिंगला हा एकच आकडा सांगा, गर्दी आपोआप जमते.

बावड्याची मिसळ
वरच्यांचं बरोबर, पण अपार्टमेंट का सोसायटी हे आधी ॲग्रीमेंटात बघा राव. कोल्हापुरात कितीतरी ठिकाणी 1970 च्या अपार्टमेंट मालकीच्या कायद्याखाली डिक्लेरेशन (तसं नोंदवलेलं घोषणापत्र) करून टाकलेलं असतं, मग सगळी वाटच वेगळी. महारेराकडं (राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडं) तक्रार 5,000 रुपये फीमध्ये ऑनलाइन होते, प्रोजेक्ट रजिस्टर असेल तर.

मूळ प्रश्नकर्ता
आभार सगळ्यांचे. ॲग्रीमेंट काढून बघितलं, सोसायटीच लिहिलंय. रविवारी टेरेसवर 29 जण आले, 504 चा आकडा सांगितल्यावर खालच्या मजल्यावरचे काका, जे चार वर्षांत कधी मीटिंगला फिरकले नव्हते, तेच सह्यांचा कागद घेऊन दारोदार फिरायला लागले 😄 आता 38 सह्या झाल्यात, आरपीएडी उद्या.